कावळ्याला दिलेला शब्द

गेल्या हिवाळ्यात जालन्यात आमचं, म्हणजे बारावीपर्यंत जीवशास्त्र शिकवणाऱ्या मास्तर-मास्तरणींचं, तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर बाहेरगावाहून आलेल्या एका विद्वानांचं भाषण ठेवलेलं. विषय होता, माणसाच्या अंगात विधी आले कुठून. पडद्यावर त्यांनी मेलेल्या हत्तीच्या हाडांवर सोंड फिरवत थांबलेले हत्ती दाखवले. एकाच झाडाच्या बुंध्यावर पुन्हा पुन्हा दगड आणून मारणारे चिंपांझी दाखवले. मग म्हणाले की विधी भीती कमी करतो, कळपाला बांधून ठेवतो, आणि म्हणूनच तो लाखो वर्षं टिकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं मात्र डोकं फिरलं.

मी उभी राहिले आणि विचारलं, कळपाला बांधतो म्हणता, पण दावं कुणाच्या गळ्यात आणि दुसरं टोक कुणाच्या हातात? ते गोड हसले. म्हणाले, मॅडम, हा समाजशास्त्राचा प्रश्न झाला. मागून कुणीतरी चहा आल्याचं सांगितलं आणि सगळे उठले. मी कप न उचलता बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

खरं सांगायचं तर तो बिचारा चुकीचं काही बोलला नव्हता. अंबडला माझ्या वर्गात मी हेच सगळं शिकवते, आणि त्याच्यापेक्षा बरं शिकवते. आम्ही मूळचे मेंढरांमागं फिरणारे लोक. माझे वडील वाड्यात मेंढरं कोंडताना दाराशी काठी आडवी धरायचे. पहिली पाच-सहा मेंढरं काठीवरून उडी मारून आत जायची. मग वडील हळूच काठी काढून घ्यायचे आणि मागची सगळी मेंढरं तिथंच, त्याच जागी, काहीच आडवं नसताना उडी मारायची. आम्ही दोघी बहिणी पोट धरून हसायचो. पुढं एम. एस्सी. करताना कळलं की यात हसण्यासारखं काही नाही. पुढच्यानं केलं ते करावं, का म्हणून विचारू नये, यातच जीव वाचत आला आहे. माणूस तर त्यात मेंढराच्याही पुढं. वर्गात मी खाऊचा एक डबा आणते, त्याच्या झाकणावर तीन टिचक्या मारते, एक फुंकर घालते आणि मग तो उघडते. टिचक्यांचा डब्याशी काही संबंध नसतो. पण शेजारच्या अंगणवाडीतल्या चार-पाच वर्षांच्या पोरांना तो डबा दिला की ती आधी इमानेइतबारे तीन टिचक्या मारतात, फुंकर घालतात. माकडाला नुसता खाऊ हवा असतो. माणसाच्या पोराला रीतही हवी असते.

भीतीचंही तसंच. गवत हललं की शेळी पळते. दहा वेळा वारा असतो, अकराव्या वेळी लांडगा. वारा म्हणून ज्या उभ्या राहिल्या त्यांची पिल्लं मागं राहिली नाहीत. आपण सगळे पळणाऱ्यांची अवलाद. म्हणून काही उशीर झाला, काही अडलं, की आपल्याला वारा दिसत नाही, लांडगाच दिसतो. हे मी फळ्यावर आकृती काढून समजावते. पोरं वहीत उतरवून घेतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, कारण कोरडा पाषाण कसा असतो ते मला तीन वर्षांपूर्वी एका नदीकाठी कळलं होतं.

माझी बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. जालना जिल्ह्यातल्याच टेंभुर्णीच्या अलीकडं एका गावात तिला दिली. सासरी मोसंबीची बाग, घरात सासू आणि नवरा, शेजारच्या घरात चुलत सासरे. लग्नानंतर मुलगी झाली. मुलगी जरा मोठी झाल्यावर बहिणीनं नर्सिंगच्या कोर्सचा फॉर्म भरला, तो नवऱ्यानंच आणून दिला होता. दोन वर्षांचा कोर्स, जालन्याला. दर सोमवारी सकाळी तो तिला मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडायचा, बस लागेपर्यंत थांबायचा, शनिवारी आणायला जायचा. गावात लोक त्याला चिडवायचे की बायकोचा ड्रायव्हर झालाय. तो म्हणायचा, झालोय तर झालोय. पहिलं वर्ष ती चांगल्या मार्कांनी पास झाली. दुसरं वर्ष सुरू होऊन दोन महिने झाले होते, आणि त्याच फाट्याजवळ एका टेम्पोनं त्याला उडवलं. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि मुलगी चार.

दहाव्याला आम्ही सगळे नदीवर गेलो. आमच्याकडं दहाव्याला बायकाही काठावर जातात. उन्हाळा होता, पात्रात पाण्याची एक धार तेवढी होती. गुरुजींनी विधी आटोपला, पिंड आणि नैवेद्याचं पान वाळूवर ठेवलं, आणि सगळे कावळ्याची वाट पाहायला लागले. कावळा पिंडाला शिवला की मेलेल्याचा जीव सुटला, नाही शिवला की कशात तरी अडकला आहे. मग घरच्यांनी हात जोडून त्याची इच्छा काय असेल ते ओळखायचं आणि मोठ्यानं शब्द द्यायचा की ती आम्ही पुरी करू. खरा शब्द सापडला की कावळा येतो.

कावळे होते. पलीकडच्या लिंबावर चांगले सात-आठ बसले होते. पण येत नव्हते. अर्धा तास गेला. गुरुजींना पुढच्या गावी दुसरा दहावा होता, ते म्हणाले की दर्भाचा कावळा करून शिववू, शास्त्रात सोय आहे. चुलत सासऱ्यांनी मान हलवली. दर्भाचा न्हाई चालायचा, म्हणाले, पोरगं तरणंताठं गेलंय, खराच पाहिजे.

मग शब्द सुरू झाले. मुलीला शिकवू, असं सासू म्हणाली. कावळे लिंबावरच. बागेची वाटणी सरळ करू, असं चुलत सासरे म्हणाले. कावळे लिंबावरच. मग माझी बहीण पुढं झाली. दहा दिवसांत तिनं कुणासमोर तोंड उघडलं नव्हतं. पानासमोर गुडघे टेकून ती सरळ आवाजात म्हणाली, "मी कोर्स पुरा करीन. तुम्ही काळजी करू नका."

मेलेल्या माणसाची काही इच्छा असते असं धरलंच, तर याच्याहून खरी इच्छा त्या काठावर कुणी बोललं नव्हतं. त्यानंच फॉर्म आणला होता, त्याच वाटेवर तो गेला होता. सगळे लिंबाकडं बघत राहिले. एक कावळा उडाला, आणि दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. बहीण उठली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी अजून विसरलेले नाही. तिला वाटलं, त्याला हे नकोय.

बायकांत कुजबूज सुरू झाली. त्याला बायकोची काळजी लागली असंल. एकटी बाई, बसनं येणार-जाणार. जीव त्यातच असंल. कुणी मुद्दाम दुष्टपणानं बोलत नव्हतं, हेच जास्त चीड आणणारं आहे. ऊन चढत होतं, वाळू तापली होती, लोक एकेक करून मागं बाभळीच्या सावलीला सरकत होते. भाची पाणी पाणी करून रडत होती. सासू पानाकडं बघून हमसत होती, की माझं लेकरू उन्हात उभंय. आणि चुलत सासरे माझ्याकडं वळले.

"मॅडम, तुम्ही म्हणा. तुम्ही शिकलेल्या. ती घर सोडून जाणार न्हाई म्हणून शब्द द्या. पोराला तुमचं पटंल."

आता मी काय केलं ते लिहिते. मला तिथून निघायचं होतं. भाचीला पाणी पाजायचं होतं. आणि माझा या कशावरच विश्वास नव्हता. हीच ती चूक. विश्वास ठेवणारा माणूस असा शब्द देताना दहा वेळा विचार करतो, कारण त्याला तो पाळावा लागतो. माझा विश्वास नव्हता, म्हणून मला तो शब्द फुकट वाटला. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "दाजी, तुमची बायको घर सोडून कुठं जाणार नाही. इथंच राहील, मुलीला इथंच वाढवील." आणि भाचीचा हात धरून मीही सावलीकडं चालू लागले.

समोर सावलीतले सगळे एकदम हलले. मी वळून बघितलं तर कावळा पानावर होता. एक नाही, दोन. सासूनं वाळूवर डोकं टेकलं. चुलत सासऱ्यांनी डोळे पुसले. बायका माझ्या पाया पडायला लागल्या. आणि सगळ्यात घाण गोष्ट ही की मलाही बरं वाटलं. माझ्या हातावरचे केस उभे राहिले, एक क्षण मला खरंच वाटलं की तो होता आणि गेला. एवढं वाचलं, एवढं शिकवलं, आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी. माझं अंग माझ्या पदवीहून लाखो वर्षांनी जुनं आहे, त्याला कोण शिकवणार?

कावळा का आला ते मला त्याच दिवशी परतीच्या बसमध्ये कळलं. तासभर आम्ही पन्नास माणसं त्या पानाभोवती दहा हातांवर कडं करून उभे होतो. कावळ्याएवढं सावध पाखरू माणसांच्या गर्दीत कशाला उतरेल? बहीण बोलली तेव्हा सगळे पानाशी होते. मी बोलले तेव्हा जवळजवळ सगळे बाभळीखाली गेले होते, आणि बोलता बोलता मीही निघाले होते. जागा मोकळी झाली, कावळे उतरले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, ही म्हण त्या काठावरच्या प्रत्येकाला तोंडपाठ होती, अगदी गुरुजींनासुद्धा. पण खरा कावळा समोर आला तेव्हा ती कुणाला आठवली नाही, मलाही नाही.

तेव्हाच पुढच्या थांब्यावर उतरून मागं जायला हवं होतं. मी गेले नाही. सुतकात वाद नको, असं म्हटलं. वर्षश्राद्ध होऊ दे, लोक विसरतील. लोक विसरले नाहीत. कोर्सवाल्यांचा निरोप आला तेव्हा सासू म्हणाली की शब्द दिलाय, माझं पोरगं ते ऐकून गेलंय. कोर्समधून बहिणीचं नाव कमी झालं. ती मोसंबीला पाणी द्यायला लागली, गडीमाणसांच्या भाकरी थापायला लागली. फोनवर मी मुलीचं विचारायचे, पावसापाण्याचं विचारायचे. कोर्सचं ना मी काढायचे, ना ती.

म्हणून त्या दिवशी पडद्यावरचा तो कळप बांधणारा विधी बघून माझं डोकं फिरलं. त्या विद्वानांवर रागावणं सोपं होतं. मेंढराची उडी कुणाला इजा करत नाही, पोराच्या टिचक्यांनी डबा बिघडत नाही, पण काठावर उभ्या पन्नास जणांना जे हलकं वाटलं, त्याचा सगळा भार एका सव्वीस वर्षांच्या बाईनं उचलला होता, आणि त्या पन्नासांत मी होते. प्रशिक्षणाचा तिसरा दिवस मी बुडवला. कोर्सला पुन्हा प्रवेश मिळतो का ते विचारून आले, वयाची अडचण नव्हती. फॉर्म घेतला आणि संध्याकाळच्या आत तिच्या गावी पोचले.

ती अंगणात मोसंब्या निवडत होती. मी बसमधलं सगळं सांगितलं. गर्दीचं, सावलीचं, कावळ्यांचं. म्हणाले, तो शब्द माझा होता, तुझा नव्हता, आणि मी तो मोडते. फॉर्म भर. तिनं सगळं ऐकून घेतलं. हातातली मोसंबी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "दुसरं कुणी बोललं असतं ना आक्का, तर मी पंधरा दिवसांत बॅग भरली असती. तू बोललीस. तू तर असलं मानत न्हाईस. मंग तूच म्हणून राह्यली म्हटल्यावर मला वाटलं, हे खरंच असंल."

ती पुढं म्हणाली की अंगणात माझ्या कानात सांगून काही उपयोग नाही. जिथं बोललीस तिथं जा, ज्यांच्यासमोर बोललीस त्यांच्यासमोर सांग, मग मी सही करते. मी चिडले. म्हणाले, हा पुन्हा विधीच झाला. ती म्हणाली, असू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीवर गेलो. सासू, चुलत सासरे, शेजारच्या तीन-चार बायका, बहीण आणि भाची. कशासाठी ते मी सांगितलं नव्हतं. वर्गात साठ पोरांसमोर माझा आवाज कधी चिरकत नाही, तिथं चिरकला. शब्द देताना मला क्षणही लागला नव्हता, परत घेताना पहिलंच वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. मी म्हणाले की त्या दिवशी मी खोटं बोलले. तुम्ही म्हणालात म्हणून, ऊन लागत होतं म्हणून बोलले. त्याची काय इच्छा होती ते मला ठाऊक नव्हतं, आणि हिला ठाऊक होतं.

चुलत सासरे म्हणाले की कावळा तर शिवला होता, आणि कुणी काही बोलायच्या आत धोतराचा सोगा सावरत निघून गेले. सासू जागची हलली नाही. त्या वाळूकडं बघत तिनं विचारलं,

"मंग माझं पोरगं कशात अडकलं होतं?"

माझ्याकडं दोन उत्तरं होती. तुमच्या सुनेच्या कोर्समध्ये, असं म्हटलं असतं तर काम सोपं झालं असतं. पण एकदा या जागी खोटं बोलून झालं होतं. मी म्हणाले, "कशातच नव्हतं मावशी. आपण लई जवळ उभे होतो, म्हणून कावळे येत नव्हते."

तिनं ते हळूहळू मनात लावून पाहिलं असावं. मग तिनं विचारलं की सून बोलली तेव्हाही आपण जवळच होतो का. मी हो म्हणाले. मग तिनं विचारलं, "आन् हे तुला कधीधरनं ठावं?"

मी म्हणाले, त्याच दिवशी कळलं, घरी जाताना.

तिनं माझ्याकडं बघितलं. तीन वर्षं सुनेला रोज बागेत पाठवताना ती स्वतःला काय सांगत आली असेल, आणि ते आता कुठं गेलं, हे मला त्या नजरेत दिसलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती सुनेकडं वळली, फारम कुठाय म्हणाली, आणि नातीचा हात धरून गावाकडं चालायला लागली.

बहिणीचं आता दुसरं वर्ष चालू आहे. सोमवारी सकाळी तिची सासू तिला फाट्यापर्यंत सोडायला चालत येते आणि बस लागेपर्यंत थांबते. माझ्याशी ती त्या दिवसापासून एक शब्द बोललेली नाही. मी घरी गेले की पाण्याचा तांब्या ठेवते आणि आत निघून जाते. तिचं काहीच चुकत नाही.